कधी काढायचं?

लोक वाचत नाहीत, लोक बघतात, हे तेजस्विनीचं लाडकं वाक्य. बंगळुरूला मोठमोठ्या टेक कंपन्यांच्या जाहिराती सांभाळून ती नाशिकला परत आली ती हे वाक्य बरोबर घेऊनच. शेखर भोरांच्या कंपनीत मार्केटिंगची प्रमुख झाल्यावर तिनं ते इतक्यांदा म्हटलं, की शेवटी ते खरं झालं आणि तिच्याच अंगावर आलं.

कंपनी तशी चांगली. शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायचं यंत्र बनवते. अर्ध्या रात्री वीज आली म्हणून टॉर्च घेऊन विहिरीकडे धावणारा माणूस आता अंथरुणातूनच बटण दाबतो आणि कूस बदलून झोपतो. शेखर भोर मूळचे इगतपुरीकडचे. आधी ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केली, मग स्वतःच्या अकलेनं हे यंत्र जुळवलं. यंत्र सोन्यासारखं, पण नाव काय, तर ‘भोर ऑटो स्टार्टर’! तेजस्विनीनं पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारला. “सर, हे नाव आहे की हार्डवेअरच्या दुकानाची पाटी?” महिनोन्‌महिने डोकं खाऊन तिनं नवं नाव ठरवून घेतलं. ओलावा. त्याचा समारंभ आज दुपारी होता, मुंबई नाक्याजवळच्या ऑफिसातच.

त्याआधी तिनं शेखरसरांना घडवलं होतं. कंपनीला चेहरा लागतो, लोक यंत्रावर नाही, माणसावर विश्वास टाकतात, वगैरे. दर सोमवारी सरांच्या नावानं फेसबुकवर नेतृत्वाबद्दल चार ओळी जायच्या, आणि त्या लिहायची तेजस्विनी. सुरुवातीला सर लाजायचे. “अगं, मी कुठे असलं बोलतो?” मग हळूहळू लाइक बघायला लागले, मग जेवताना बायकोला वाचून दाखवायला लागले, मग स्वतःच्याच ओळींनी त्यांना भरून यायला लागलं. चढवलं की माणूस चढतोच, त्याला शिडी धरणारा कुणीतरी हवा असतो, इतकंच.

तर आज सकाळी तिनं फोटो टाकला. काळा-पांढरा. सरांचे हात जोडलेले, नजर वर आभाळाकडे, मागे नुसता अंधार, कडेनं केशरी रेघ. वर तीन शब्द, ‘एक पर्व संपलं.’ खाली सरांचं नाव. बस्स. जुनं नाव जातंय, नवं येतंय, लोकांची उत्सुकता ताणून धरायची, असा हिशेब.

बंगळुरूत याला क्लास म्हणतात. नाशिक जिल्ह्यात याला काय म्हणतात, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अहो, चौकाचौकात फ्लेक्स लागलेले असतात! वाढदिवस असला की माणूस रंगीत, गॉगल घातलेला, आणि गेला की काळा-पांढरा, हात जोडलेला. एवढी साधी गोष्ट, पण शहाण्याला सांगायची कुणी?

पहिला फोन आला तो नाथाचा. नाथा म्हणजे घोटीचा डीलर, सरांच्या गावाशेजारचा, कंपनीचा सगळ्यात जुना माणूस.

“मॅडम, बघितलं मी,” नाथाचा आवाज बसलेला होता. “कधी काढायचं?”

तेजस्विनीच्या डोक्यात नव्या नावाचं यंत्र, ते लोकांसमोर कधी काढायचं ते हा विचारतोय. “चारला काढू, नाथाभाऊ.”

“येवढ्या उशिरा?”

“लांबचे लोक येऊ देत ना! घाईघाईत नको, सगळं नीट सजवून काढायचंय.”

“हां, ते बी बरोबर हाय. शेठला साजेसं झालं पायजे.” नाथानं नाक ओढलं. तिला वाटलं, सर्दी झाली असेल. “मग म्हातारीला आणू का? कुसाबाईला?”

“सरांच्या आईंना? अहो, आणाच! त्यांच्याशिवाय कसं होईल?”

“तिला सांगावं कसं, तेच कळंना मॅडम.”

“त्यात काय? सरळ सांगून टाका. लपवण्यासारखं काय आहे?”

“तुमचं बी खरंय,” नाथा म्हणाला आणि फोन ठेवला. सरांच्या आई यायच्या म्हणून तेजस्विनी खूष झाली. पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी गादीची खुर्ची ठेवायला तिनं सांगितलं आणि मग निवांत बसून पोस्ट उघडली.

भावपूर्ण श्रद्धांजली.

कुणीतरी चुकून भलतीकडे लिहिलं असेल, म्हणून ती खाली सरकली. भावपूर्ण श्रद्धांजली. देवमाणूस गेला. ओम शांती. विश्वास बसत नाही, परवाच तर बोललो होतो. अमरधामला की गावी? खाली, आणखी खाली, शेकड्यांनी तेच. मग ‘काढायचं’ हा शब्द तिच्या कानात पुन्हा वाजला. अगं आई गं! नाथा समारंभाची वेळ विचारत नव्हता. मयत कधी काढायची, ते विचारत होता. आणि तिनं काय सांगितलं? सजवून काढू. आईला सरळ सांगून टाका.

ती धावतच सरांच्या केबिनमध्ये शिरली. सर फोनमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांचे डोळे ओले होते.

“सर, लोकांना वाटतंय की तुम्ही...”

“माहितीये,” सर म्हणाले. “आधी चिडलो होतो तुझ्यावर. पण हे बघ ना. ओझरला माझ्याबरोबर असलेला फिटर. भांडण झाल्यापासून तोंड बघत नव्हता माझं. लिहितोय, शेखरसारखा हात पुन्हा होणे नाही. जिवंतपणी कुणी बोलतं का गं असं?”

ते बघून क्षणभर तिलाच वाईट वाटलं. पण वेळ कुठे होता? तिनं भडाभडा सगळं सांगितलं, नाथाचा फोन, तिचं उत्तर, आईंना घेऊन निघणं. “चूक माझी आहे सर. पण आईंना आत्ताच्या आत्ता फोन करा. त्या कशा असतील हो!”

सरांचा चेहरा उतरला. ते खुर्चीत मागे टेकले, कपाळ चोळलं आणि फोन उचलला. तेजस्विनीचा जीव भांड्यात पडला.

“हॅलो,” सर म्हणाले, “व्हिडिओवाले ना? दुपारी नको, आत्ताच या. हो, दोन्ही कॅमेरे.”

आपण काय ऐकलं ते तेजस्विनीला कळलं होतं, पण मन घ्यायला तयार नव्हतं.

“आई त्या दारातून येईल,” सर हातानं दाखवू लागले, “मी इथे उभा. ती मला जिवंत बघेल. अख्ख्या महाराष्ट्राच्या डोळ्यात पाणी येईल तेजस्विनी! आणि मागे नाव, ओलावा. तूच म्हणतेस ना, खरी भावना पैसे देऊन मिळत नाही?”

म्हणत होती. अगदी हेच म्हणत होती, बोर्डावर लिहून, खाली रेघ मारून. आता तेच शब्द ती समोरच्या तोंडून ऐकत होती.

तिनं तिथेच उभ्या उभ्या नाथाला फोन लावला. बऱ्याच वेळानं तो उचलला गेला. “घोटी सोडतोय मॅडम,” नाथा ओरडला, कारण मागून एक आवाज येत होता. बाई रडत नव्हती, ओरडत होती. एकच नाव, पुन्हा पुन्हा. तेजस्विनीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत सरांनी तिच्या हातातून फोन अलगद काढून घेतला आणि बंद केला. आवाज त्यांनीही ऐकला होता. “तासाभराचा तर प्रश्न आहे गं,” ते म्हणाले. “नंतरचा आनंद बघ ना तिचा.”

फोन परत मिळाल्यावर तिनं जिन्यात जाऊन पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा लावला. नाथाचा फोन बंद लागत होता. सगळ्या तालुक्याला कळवता कळवता बिचाऱ्याची बॅटरी संपली होती.

नाथाची जीप आली तेव्हा कॅमेरे लावून झाले होते. दोन बायकांनी काखेत हात घालून कुसाबाईला उतरवलं. वाळलेली, काटकुळी म्हातारी, केस सुटलेले, पाय अनवाणी. दारात समारंभाचा कोरा कुर्ता घालून शेखर उभा होता, हात पसरून.

“आई!”

बायका किंचाळल्या. नाथा तर “अरे देवा!” म्हणून फरशीवरच बसला. कुसाबाई मात्र हलली नाही. मग एक एक पाऊल टाकत पुढे आली, दोन्ही तळव्यांत लेकाचं तोंड धरलं, कान चाचपले, छातीवर हात ठेवून बघितला. “जित्ता हाय,” ती म्हणाली. “जित्ता हाय रं माझा!” आणि ती इतकी हसली, इतकी रडली, की व्हिडिओवाल्यानंही डोळे पुसले.

तेवढ्यात शेखरनं हळूच मान वळवून कॅमेऱ्याकडे बघितलं. सगळं नीट येतंय ना, एवढंच बघायचं होतं त्याला. म्हातारीनंही त्याच्या नजरेमागे बघितलं.

“हे काय रं?”

“काही नाही आई. शूटिंग.”

“मंजे तुला ठाव व्हतं, मी येऊन राह्यले ते?”

“अगं, आत्ताच कळलं.”

कुसाबाईनं तेजस्विनीकडे बघितलं. “पोरी, तू सांग. ह्याला कवा कळलं?”

अशा प्रसंगी काय बोलावं याची उत्तरं तेजस्विनीकडे ढिगानं होती. कुठलंही उत्तर चाललं असतं, नोकरीही राहिली असती. सर तिच्याकडे रोखून बघत होते.

“तुम्ही घोटीत होतात तेव्हाच, आजी,” ती म्हणाली. “मी फोन लावला होता. तुमचं ओरडणं ऐकू येत होतं. त्यांनी तो बंद केला.”

कुसाबाईचे हात लेकाच्या गालांवरून खाली आले. तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला.

“ऊठ नाथा,” ती म्हणाली. “बातमी काय खोटी नव्हती.”

कुणाचा आधार न घेता ती जीपमध्ये जाऊन बसली, आणि तिथे तिनं हंबरडा फोडला.