एकच पुरे

"अजून खाली आण," एलर्त लेकीला म्हणाला. "उजेड दाब जरा. तिथं आईचा चेहरा आहे."

"दाबला की, बाबा. बघ ना." यूरुननं संगणकावरची उजेडाची पट्टी शेवटपर्यंत ओढली. पांढरं होतं ते राखेसारखं करडं झालं, इतकंच. ना डोळे, ना नाक.

शुक्रवारी रग्नीला, त्याच्या बायकोला, शेवटचं पोचवायचं होतं. चर्चमध्ये शवपेटीजवळ ठेवायला फोटो हवा, आणि म्हातारपणचा फोटो हा एवढा एकच. चाळीस वर्षं या बाबानं दरीतल्या एकूण एक नवऱ्या टिपल्या, पण घरची बाई कॅमेरा दिसला की पाठ फिरवायची. यंदा डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा ईस्टरला डोंगरातल्या झोपडीवर तीच हट्टानं गेली. दारात खुर्ची मांडून, उन्हाकडे तोंड करून, संत्रं सोलत म्हणाली, "काढ रे आज. नाहीतर म्हणशील, बायको नव्हतीच मला."

समोर लखलखता बर्फ, मागे झोपडीतला काळोख. एलर्तनं जन्मभराच्या सवयीनं काळोखावरून उजेडाचं माप घेतलं. फिल्मवर तेच बरोबर होतं, जास्तीचा उजेड फिल्म पोटात घ्यायची. पण हा यूरुननं सत्तरीला दिलेला नवा कॅमेरा. त्यात उजेड एकदा हातचा गेला की गेलाच, मग कुणी कितीही डोकं आपटा.

झोपडी मात्र काय सुरेख आली होती! किटली, चुलीवर वाळत घातलेले मोजे, मांडीवरच्या सावलीतली संत्र्याची साल. वर लोकरीची टोपी, आणि टोपीखाली काही नाही.

"पण कॅमेऱ्यानं सांगितलं असेल ना?" यूरुन म्हणाली. "जास्त उजेडानं जळालेला भाग पडद्यावर लुकलुकतो. मी मुद्दाम चालू करून दिलं होतं."

एलर्तला आठवलं. लुकलुकला होता की! कपाळापासून हनुवटीपर्यंत. नव्या यंत्राचे नखरे, असं पुटपुटत त्यानं चष्मा लावून, दहा मिनिटं खटपट करून ते बंद केलं होतं. रग्नी तेवढा वेळ थकलेल्या मानेनं तशीच बसून होती.

"बंद केलं मी ते," तो म्हणाला.

यूरुननं डोळे पुसून पट्टी पुन्हा मागे नेली.

"बाबा, दुसरा का नाही रे काढलास? एखादा तरी?"

त्या दिवशी उन्हात पडद्यावर तिचा चेहरा धड दिसत नव्हता, तरी 'झकास आलीस' म्हणून एलर्तनं कॅमेरा पिशवीत घातला होता. फिल्म जपून वापरणारा माणूस तो, एका माणसाला एक फोटो.

"तिनं विचारलं होतं," तो म्हणाला. "म्हणाली, आणखी एक काढतोस का? मीच म्हटलं, कशाला? एकच पुरे."