रद्द केलेली नोंद

निवृत्तीच्या समारंभात तिघा वक्त्यांनी मला ‘तपस्विनी’ म्हटलं. बत्तीस वर्षं मी एकाच रोगावर, सिस्टिक फायब्रोसिसवर, काम केलं हे खरं. तप वगैरे काही नव्हतं. मी हट्टी होते आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

दादाची मुलगी भिंगरी तोच रोग घेऊन जन्मली. फुप्फुसांत चिकट कफ साचतो, तो रोज पाठ थोपटून सुटा करावा लागतो. वहिनीचं अर्धं आयुष्य त्यात गेलं. आमचं औषध बहुतेक रोग्यांत सापडणाऱ्या जनुकदोषासाठी होतं. भिंगरीचा दोष दुर्मीळ. तिला ते लागू पडणार नाही, असं आम्ही सगळे शहाणे धरून चाललो होतो.

म्हणून तिच्या नाकातल्या पेशी मी प्रयोगशाळेत वेगळ्याच कामासाठी वाढवल्या. औषध चालतं हे दाखवायला, ज्यावर ते चालत नाही अशी एक बशी शेजारी ठेवावी लागते. ती भिंगरीची. बारा वर्षांच्या त्या कार्टीला हे सांगितलं, तर म्हणते कशी, “आत्या, नुसतं ढ बसून राहायचं? मग मला जमेल.”

एका मंगळवारी तिच्या बशीतल्या पेशींनी मीठ बाहेर सोडलं, औषध लागू पडलं की सोडतात तसं. यंत्रावरची रेघ सरळ वर चढली. टेक्निशियन बाई म्हणाल्या, “मॅडम, परत एकदा लावून बघू या का?”

“बघायचं काय त्यात? बशा उलटसुलट ठेवल्यात तुम्ही,” मी डाफरले. वहीत लिहिलं : बशांची अदलाबदल, नोंद रद्द. त्या बशीने चालायचंच नाही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की दुसरं काही शिरलंच नाही. बाई बिचाऱ्या पुढच्या बशीकडे वळल्या.

दहा वर्षांनी परक्या देशातल्या एका संशोधक गटाचा शोधनिबंध आला. तेच औषध, भिंगरीचाच दोष, उत्तम गुण. लगेच तिला औषध सुरू केलं. घामातलं मीठ महिन्याभरात उतरलं, म्हणजे औषध चोख चालत होतं. पण फुप्फुसांत वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेविसाव्या वर्षी ती गेली. मी जुनी वही काढून ते पान वाचलं. अक्षर माझंच होतं. मला माझी किळस आली.

पुढच्या आठवड्यात मी दादाकडे गेले, सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच. वहिनी भिंगरीचे कपडे घड्या घालून खोक्यात भरत होती. मी शेजारी बसले. “वहिनी, एक सांगायचंय,” एवढं म्हटलंसुद्धा.

तिने माझा हात धरला. “काही सांगू नकोस. तिच्यापायी तू जन्म वेचलास. तू होतीस म्हणून पोर एवढी तरी जगली.”

दादा दारात उभा राहून मान डोलावत होता.

“असं काय बोलतेस, वहिनी,” मी म्हटलं, “माझं कर्तव्यच होतं ते.”