बाटलीतली अळी

स्पिरिटमध्ये बुडवलेली अळी कुजत नाही. फक्त तिचा गुलाबी रंग उतरतो आणि ती पाण्यात फुगलेल्या दोऱ्यासारखी दिसू लागते.

जगातल्या दोन सर्वांत बलाढ्य देशांचे व्यापारमंत्री तिसऱ्याच देशातल्या एका हॉटेलात बोलणी करायला जमले. टेबल गोल असावं की लांब, यावरच सुरुवातीचे दिवस गेले.

एका बागायतदाराने नाशपतींसाठी कोऱ्या पेट्या आणल्या. झाकणावरची परकी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, तरी येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते झाकण दाखवत होता.

गोदीवर शत्रूच्या चेरी उतरल्या.

शत्रू हा शब्द वर्तमानपत्रांचा. गोदीवरच्या कीड-तपासणी कार्यालयात त्यांना नुसतं 'पलीकडचे' म्हणत. तिथल्या तपासनीस बाईंना त्यांच्याशी काही वैर नव्हतं. उलट त्यांचा धाकटा दीर, तो पेट्यावाला, आपला सगळा माल पलीकडच्यांनाच विकणार होता.

कार्यालयाची एक रीत होती. मंत्र्यांची बोलणी बरी चालली असली की माल एका सहीत सुटायचा. बिनसली की साहेबांच्या कपाटातली बाटली निमूट बाईंच्या टेबलावर येऊन बसायची. मग चिमट्याने अळी काढायची, कापलेल्या फळावर ठेवायची, फोटो घ्यायचा आणि अळी परत बाटलीत. एकच अळी आजवर संत्र्यांत सापडली होती, द्राक्षांत सापडली होती, एकदा तर लाकडाच्या ओंडक्यांतही. शेवटी बिचारीचे सेवेतच तुकडे झाले. त्या टेबलावर जेवणाचा डबा उघडायचं बाईंनी कधीच सोडून दिलं होतं.

चेरी उतरल्या त्या दिवशी बाटली आली. आत नवी अळी होती. बाईंनी ती भिंगाखाली धरली आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, ही चेरीतली नाही."

"अळीच आहे ना?"

"चेरीतल्या अळीला ना धड डोकं असतं, ना पाय. हिला दोन्ही आहेत. आणली कुठून?"

"शिपायाने आणली. आपल्याच बाजारातल्या नाशपतीतून. पिशवीभर फळं कापली हो त्याने."

"म्हणजे आपली कीड त्यांच्या फळात दाखवायची."

"अहो बाई, डोकं असलेलं काहीतरी या खात्यात आलं, याचा आनंद माना." साहेब आपल्याच विनोदावर पोट धरून हसले. मग त्यांनी चष्मा पुसला. "तिकडे त्यांनी आपल्या पोलादावर कर वाढवलाय. उत्तर आजच गेलं पाहिजे. फोटोत पाय मोजत कोण बसतंय?"

"त्यांचे तज्ज्ञ बसतील. मग ते आपलं काहीतरी अडवतील. माझ्या दिराची नाशपती तोडणीला आलीय."

"घरचं गाऱ्हाणं घरी सांगा. सही नको असेल तर तसं बोला. खारफुटीच्या चौकीवर जागा रिकामीच आहे."

बाई टेबलापाशी आल्या. हातमोजे चढवले, चेरी कापली. लालभडक, टणक, निर्मळ फळ. त्यावर त्यांनी ती फिकट अळी ठेवली आणि फोटो काढला. काम वाईट करायची त्यांना सवयच नव्हती. फोटो सुरेख आला.

चेरी शेडमध्ये पडून राहिल्या. आधी पेट्यांचे तळ ओले झाले, मग खालून काळपट रस ओघळू लागला. चपला फरशीला चिकटून चरचर सुटायच्या. माश्यांचा थर असा की झटकला तर तेवढ्यापुरता उठून परत बसायचा. तो आंबूस वास बाईंच्या केसांत बसला. घरी दोनदा न्हाल्या तरी उशीला यायचा.

पलीकडून उत्तर आलं. रागाचं नव्हतं, आभाराचं होतं. आपण पाठवलेल्या अत्यंत स्पष्ट छायाचित्राबद्दल आम्ही ऋणी आहोत. ही कीड आमच्या देशात नाही. आपल्याकडच्या नाशपतीत आहे. सबब आपली नाशपती आजपासून बंद.

"इतका स्पष्ट फोटो काढायला कुणी सांगितलं होतं?" साहेब म्हणाले.

मग हॉटेलात कसं कोण जाणे, जमलं. पोलादावरचा कर उतरला. दोन्ही मंत्री एकमेकांच्या दंडाला धरून हसतानाचा फोटो सगळीकडे छापून आला. साहेबांनी बाईंना बोलावलं.

"लिहा, फेरतपासणीत चेरीत कीड आढळली नाही."

"चेरी कुजून वाहतायत साहेब."

"कुजू देत. कीड नाही ना?"

"आणि नाशपती?"

"ती करारात नाही. पुढच्या फेरीत घासाघीस करायला दोघांनाही काहीतरी हाताशी लागतंच की."

बाईंनी लिहून दिलं. सुट्टी टाकून त्या बागेवर गेल्या.

दीर आणि जाऊ खड्ड्यात फळं ओतत होते; अडलेल्या नाशपतींनी इथला बाजार भरला होता, भाव तोडणीच्या मजुरीइतकाही उरला नव्हता. कोऱ्या पेट्या बाजूला रचलेल्या. खड्ड्यातून तोच आंबूस वास येत होता.

"या वहिनी. तुमच्या खात्याची करणी बघायला आलात?" दीर म्हणाला. "पेपरात तो अळीचा फोटो होता, तो कुणी काढला हो?"

"मी काढला."

जाऊने हातातली पेटी खाली ठेवली.

"अळी होती तरी का चेरीत?" दिराने विचारलं.

"नव्हती. मी ठेवली. आपल्याकडच्या नाशपतीतली आहे हेही ठाऊक होतं."

"आणि मी इथे पेट्या आणून बसलो होतो, हे?"

"तेही."

खड्ड्याच्या कडेचं एक चांगलं फळ दिराने उचललं, सदऱ्याला पुसलं, त्यांच्या हातात दिलं.

"खा. तुम्ही पास केलंत तर निदान घरात तरी खाऊ."

बाईंनी चावा घेतला. फळ गोड होतं. घास तोंडातच फिरत राहिला. गिळवेना, आणि त्या दोघांसमोर थुंकवेना.

"तोंडात काय धरून बसलात, जाऊबाई?" जाऊ म्हणाली. "आता तरी गिळा."

त्या बागेने त्या वर्षी पहिल्यांदाच फळ धरलं होतं.