पहिल्या पंगतीचा माणूस

लुसिल मिशोचं डोकं मंगळवारपासून तापलेलं होतं. शनिवारी दुपारी गावच्या हॉलमागे गावजेवणाच्या बीन्सचा खड्डा उघडायची वेळ आली तरी ते उतरायचं नाव घेत नव्हतं. रात्रभर निखाऱ्यांत पुरलेलं लोखंडी भांडं वर काढताना तिनं मातीत फावडं असं हाणलं, की तिचा नवरा अर्लन खुर्चीतून म्हणाला, "अगं, त्या बीन्सनी तुझं काय घोडं मारलंय?"

"बीन्सनी नाही. कुणी मारलंय ते तुला चांगलं ठाऊक आहे."

अर्लनला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावची एकुलती एक अँब्युलन्स जूनअखेर बंद होणार होती. चालवायला गावाकडे पैसा नव्हता, काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, हात वर केले होते, आणि त्यानंतरची जवळची गाडी होती डोंगरापलीकडे. गेल्या हिवाळ्यात बर्फ उपसताना अर्लन छातीवर हात ठेवून खाली बसला, तेव्हा अँब्युलन्स चालवणारी मार्लीन ती खटारा गाडी घेऊन वेळेत पोचली, म्हणून आज तो खुर्चीत बसून बायकोची थट्टा करत होता. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा होऊ शकतं. तेव्हापासून तो रात्री नुसता खोकला तरी लुसिल उठून दिवा लावायची.

उपाय नव्हता असं नाही. वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांनी त्या वरच्या कमाईवर मेन राज्याला थोडा जास्त कर द्यावा, आणि तो पैसा खेड्यापाड्यांतल्या अँब्युलन्सना नि शाळांना मिळावा, असं विधेयक राज्याच्या राजधानीत, ऑगस्टाला आलं होतं. मंगळवारी त्याची सुनावणी होती. लुसिल आणि मार्लीन भल्या पहाटे निघून राजधानीत पोचल्या, तर रांगेत पुढे हॉलिस वेनराइट उभा. लुसिलला इतका आनंद झाला, की तिनं लांबूनच हात हलवला. आपला माणूस आलाय, असं तिला वाटलं. मूर्खच की मी, असं ती त्यानंतर कितीदा तरी स्वतःला म्हणाली.

हॉलिस मूळचा बॉस्टनचा. दुसऱ्यांचा पैसा वाढवून देता देता स्वतःचा बक्कळ वाढवला आणि तळ्याकाठी घर बांधून राहिला. आता या गावची रीत अशी, की जो इथं जन्मला नाही तो बाहेरचा. मग तो इथं म्हातारा का होईना. बीन्सच्या जेवणाला पहिली पंगत गावकऱ्यांची, निळ्या तिकिटाची. दुसरी बाहेरच्यांची, लाल तिकिटाची. हॉलिसचा जीव त्या निळ्या तिकिटावर जडला होता. तो लाकडं फोडायला शिकला, कोपरांवर फाटलेले शर्ट घालू लागला, आणि एकदा चिखलात रुतलेली अँब्युलन्स त्यानं खरोखर खांदा लावून ढकलली. दोन वर्षांपूर्वी तिकिटं वाटणाऱ्या लुसिलनंच दारात त्याच्या हातावर निळं तिकीट ठेवलं, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून 'अहो वेनराइट'चा 'अरे हॉलिस' झाला.

तोच हॉलिस मंगळवारी कोट-टाय घालून माइकसमोर बसला आणि विधेयकाच्या विरोधात बोलला. मेहनतीला शिक्षा करू नका म्हणाला. जणू मार्लीन मध्यरात्री गाडी हाकते ती मौज म्हणून! समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, आपण मेनचेच ना? तो हसला.

"आमच्या गावाला विचाराल तर मी बाहेरचाच. फ्लोरिडात माझं घर तयार आहे, तिथं हा कर नाही. बाहेरच्या माणसाला बाहेर जायला कितीसा वेळ लागतो?"

समिती खळखळून हसली. लुसिलचा नंबर लागला तेव्हा निम्मे सभासद जेवायला गेले होते. ती बोलता बोलता अर्लनच्या गोष्टीपर्यंत पोचते न पोचते तोच समोरचा वेळ संपल्याचा लाल दिवा लागला आणि तिला उठवलं. गुरुवारी विधेयक बासनात गेलं.

आणि आज शनिवारी तोच माणूस फाटक्या कोपरांचा शर्ट घालून हॉलच्या दारात हजर! हातात चेक.

"उन्हाळाभर गाडी थांबणार नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शेवटी आपलंच गाव आहे."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या! लुसिलच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कर भरला असता तर कुणाला टाळ्या वाजवाव्या लागल्या नसत्या, कुणाचे आभार मानावे लागले नसते. गाडी आली असती, बस. आता हा वाटेल तेव्हा देणार, वाटेल तेव्हा हात आखडणार, आणि आपण दर वेळी दात दाखवत उभं राहायचं. तो उभाच होता, आभारांची वाट बघत. पलीकडून मार्लीन डोळ्यांनी विनवत होती: घे गं बाई.

लुसिलनं चेक घेतला. अर्लनसाठी घेतला. तो मार्लीनकडे दिला आणि टेबलावरचं लाल तिकीट उचलून हॉलिसपुढे धरलं.

"तुमचा नंबर दुसऱ्या पंगतीला, वेनराइटसाहेब. बाहेर बाकावर बसा."

'तुम्ही' ऐकताच त्याचा चेहरा उतरला. "लुसिल, असं काय करतेस? मी इथला आहे."

"ऑगस्टाला तर बाहेरचे होतात."

"अगं, ती गंमत होती."

"हसले बरेच. मला काही हसू आलं नाही."

"जाऊ दे ना लुसिल, चेक दिलाय त्यानं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"जाऊ देते की! साहेब, सगळ्यांसमोर एवढंच म्हणा: मी इथला आहे, आणि उद्या हा कर लागला तर इथंच राहून भरीन. तेच ऑगस्टाला लिहून कळवा. मी माझ्या हातानं पहिल्या पंगतीत वाढते, आणि माफीही मागते."

हॉलिसनं वाफाळत्या भांड्याकडे पाहिलं, आपल्या नेहमीच्या खुर्चीकडे पाहिलं.

"ते इतकं सोपं नसतं, लुसिल."

"एक वाक्य आहे."

मग त्यानं हात पुढे केला, लाल तिकीट घेतलं आणि बाहेर जाऊन तळ्यावर आलेल्या पाहुण्यांशेजारी बाकावर बसला.

लुसिलला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. तिनं डाव उचलला आणि अर्लनच्या ताटाशी गेली.

"उन्हाळ्यापुरती सोय झाली म्हणायची," अर्लन म्हणाला. "म्हणजे जे काय व्हायचं ते मला सप्टेंबरच्या आत उरकायला हवं."

कुणी हसलं नाही. लुसिलनं डाव त्याच्या ताटात इतक्या जोरात उपडा केला, की निम्म्या बीन्स टेबलावर सांडल्या.

"गप जेव," ती म्हणाली.