गरम यंत्र आणि तिसरी वही

बाबांच्या घराचं दार उघडताच तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. जेवणाच्या टेबलावर दादानं लॅमिनेशनचं यंत्र मांडलं होतं. शेजारी बाबांच्या टपाल तिकिटांच्या तीन वह्या. दोन वह्यांची पानं सुटी होऊन प्लास्टिकमध्ये गेली होती.

"आता बुरशी नाही, कसर नाही. बाबांना वाढदिवसाची भेट!"

मी एक पान उचललं. कोऱ्या तिकिटांमागचा डिंक वितळून पानाला बसला होता. एका निळ्या तिकिटावर फुगा आला होता. बाबा तिकिटाला बोट लावत नसत, चिमट्यानंच उचलत. दाबून डिंक चिकटू नये म्हणून वह्या कायम उभ्या ठेवत.

"कुणाला विचारलंस?"

"भेट काय विचारून देतात?"

"मला तरी फोन करायचास."

"तुला फोन केला की व्याख्यान ऐकावं लागतं, शास्त्रज्ञबाई. नसेल आवडत तर काढू परत."

"निघणार नाहीत. कधीच."

बाबा आतून आले. त्यांनी ते पान हातात घेतलं, सवयीनं एक तिकीट उलटून बघायला गेले. नख प्लास्टिकवरून घसरलं.

"छान दिसतंय," ते म्हणाले. "पुसताही येईल."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, खोटं कशाला बोलता?"

"अगं, हौसेनं केलंय त्यानं."

"उद्या हौसेनं घर पेटवलं तरी छानच म्हणाल!"

"ऐकलंस ना?" दादा हसला. "ज्याचं आहे त्याला चालतंय, दुखतंय मात्र तुझ्या पोटात." आणि त्यानं तिसरी वही ओढली.

ती आईनं भरलेली. पाकिटांवरची तिकिटं तिनं बशीतल्या पाण्यात भिजवून सोडवली होती, टीपकागदावर वाळवली होती. आता आई नाही. दादानं पहिलं पान सोडवून प्लास्टिकमध्ये सरकवलं. यंत्राचा दिवा हिरवा झाला.

मी प्लग उपटला.

"वेड लागलंय का तुला?" दादा ओरडला आणि वायरकडे झेपावला.

"हात लावू नकोस!"

बाबा ओरडले होते. दादावर. त्यांचा आवाज एवढा चढलेला आम्ही दोघांनी कधी ऐकला नव्हता. दादाचा हात तसाच राहिला.

बाबांनी पान प्लास्टिकमधून बाहेर काढलं, वहीत ठेवलं, वही मिटली आणि माझ्या हातात दिली. वर चिमटाही दिला. दादाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"घरी घेऊन जा," ते म्हणाले. "उभी ठेव."