चिंबोरीचं गजकर्ण

ठमाबाईची मांजर पिल्लू असताना खेकड्यासारखी तिरकी चालायची, म्हणून तिचं नाव चिंबोरी. आगरदांड्याच्या जेटीजवळ या दोघींचं घर. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा कमलेश पनवेलला. ठमाबाईच्या अंगाला अंग लावून बसणारं घरात एवढंच एक माणूस होतं. मांजराला माणूस म्हटलेलं कुणाला खटकत असेल तर खुशाल खटको.

ज्येष्ठात चिंबोरीच्या कानामागे रुपयाएवढा गोल चट्टा पडला. तिथले केस गेले, कडेने कोंडा धरला. आठवड्यात तसाच एक पुढच्या पायावर आला. व्हिडिओ कॉलवर नातीला, दिशाला, दाखवायला म्हणून ठमाबाईने मांजर उचलून धरली, आणि तो चट्टा नेमका सुनेच्या नजरेस पडला.

"आई, हे पसरतं हं," पूनम म्हणाली. "दिशाला लागेल. आधी ती मांजर कुठे तरी सोडून या, मग आम्ही नारळी पुनवेला येतो."

येतो म्हणाली! दोन वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. ठमाबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही, आनंदानेही आणि धसक्यानेही.

शेजारच्या बायजाकडे उपाय तयार होता. "पोत्यात घाल नि दिघीला सोड. खाडी पोहून काय येत न्हाय ती." गावची रीतच तशी. मासे चोरणारी मांजरं बोटीने पलीकडे दिघीला पाठवायची. दिघीवाले बदल्यात इकडे काय पाठवतात, ते कुणी कधी विचारलं नाही.

ठमाबाई पोतं घेऊन जेटीवर गेली. बोट लागली, माणसं उतरली, चढली, बोट सुटली. ही आपली पोत्यावर हात ठेवून उभीच. आतून चिंबोरी ओरडतही नव्हती. तिला वाटलं असेल, बाजाराला निघालोय. ठमाबाई तशीच घरी परतली.

मग तिने घरचा उपाय काढला. तिच्या नवऱ्याने उभ्या जन्मात होडी, दाराच्या बिजागऱ्या आणि खरूज झालेले कुत्रे या सगळ्यांना एकच औषध लावलं, इंजिनाचं जळकं तेल. बायजाच्या होडीवरून ठमाबाईने वाटीभर आणलं आणि चिंबोरीला चोपडलं. पण मांजर ती, अंगावर काही लागलं की चाटून साफ करणारच. दुपारपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला. ठमाबाईने तिला मासळीच्या पाटीत घातलं आणि रिक्षा करून मुरूडचा जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंचं नाव जागृती. त्यांनी भांड्यांच्या साबणाने तेल धुतलं, सुई टोचली, चिंबोरी जरा सावरली तशी खिडकी लावून तिच्यावर जांभळा दिवा धरला. चट्ट्याच्या कडेचे केस हिरवे चमकले.

"गजकर्ण आहे. बुरशी असते ही," त्या म्हणाल्या. "याने जीव जात नाही. तेलाने मात्र गेला असता. घरात आणखी कुणाला चट्टे?"

ठमाबाईने पदर सरकवला. गळ्यावर तांबडं कडं होतं.

"ही गळ्याशी झोपते वाटतं?"

"व्हय."

"घरात आणखी कोण?"

"कोन न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून जवळ घेतली. मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. चिंबोरीला औषध पोटातून द्यायचं, आठवड्यातून दोनदा औषधाच्या पाण्याने आंघोळ, अंथरूण कढत पाण्यात, गळालेले केस रोज पुसून घ्यायचे. ठमाबाईने स्वतःसाठी माणसांच्या डॉक्टरकडून मलम आणायचं. "आणि सहा आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. मांडीवर नाही, अंथरुणात तर नाहीच."

चिंबोरी मासेमारीच्या जाळ्यांच्या खोलीत गेली. ठमाबाई दाराबाहेर सुकट निवडत बसायची आणि दाराशी बोलायची. फटीतून पांढरा पंजा बाहेर यायचा. ती बघायची, हात लावायची नाही. त्या सहा आठवड्यांत तिला कुणाचा हात लागला नाही. गळ्याला मलम लावणारा हातही आपलाच. एवढं एकटं तिला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

पुनवेच्या चार दिवस आधी दिव्याखाली एकही केस चमकला नाही. ठमाबाईचं कडंही गेलं होतं. दवाखान्याच्या पायरीवरूनच तिने फोन लावला.

"पूनम, मांजर बरी झाली गो! डाक्तरीन बोलली, आता कोनाला लागायचं न्हाय."

"अरे वा, छान. पण आई, दिशाचे क्लास आहेत. यांनाही सुट्टी नाही. दिवाळीला बघू."

"पन मांजर तर बरी झाली."

"मांजराचं काय घेऊन बसलात आई!"

ठमाबाईने फोन कमरेला खोचला. एवढ्यावरून तिला सगळं समजलं. मांजर नसती तर त्यांनी दुसरं काही शोधलं असतं.

पुनवेला बायजा नारळीभात घेऊन आली. ताटली तिने उंबऱ्याबाहेरच ठेवली. गजकर्णाचं कळल्यापासून ती आत येत नसे. "कमलेश न्हाय आला?"

"चिंबोरी अजून बरी न्हाय गो," ठमाबाई म्हणाली. "डाक्तरीन बोलली, अजून महिना लागंल. ते निघाले व्हते सगले, मीच नको बोलले. ल्हान पोरीला लागंल."

"तरी मी सांगत व्हते, दिघीला सोड."

बायजा गेली. ठमाबाई जाळ्यांच्या खोलीत शिरली आणि तिने आतून कडी लावली, खिडकीही ओढून घेतली. चिंबोरी धावत येऊन मांडीवर चढली. कानामागे नवे केस आले होते, आखूड आणि मऊ. ठमाबाईने उघड्या हाताने त्यांवरून बोटं फिरवली, आणि मग तिला रडू आवरेना. बाहेर होड्या वाजतगाजत निघाल्या होत्या. मांजर किती छान बरी झाली आहे, हे आता कुणाला दिसून चालणार नव्हतं.