सोळा जणींच्या रांगेतला डावा बूट

मी एक जुना बूट आहे. पांढरा, उंच घोट्याचा, खाली पोलादी पातं बसवलेला. रस्त्यावर चालायला माझा काही उपयोग नाही. मी बर्फावर घसरायचा बूट. आम्ही दोघे भाऊ आहोत, पण उजवा पहिल्यापासून अबोल, म्हणून दोघांचंही मीच सांगतो. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची म्हणून बसला असाल तर आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यात जरा कडवटपणा येईल. तो बर्फामुळे आलेला नाही.

चामड्याचे थर एकावर एक चिकटवून मला इतकं कडक केलं होतं की टिचकी मारली तर लाकडावर मारल्यासारखा आवाज यायचा. पातं आलं दुसऱ्याच कारखान्यातून. मिशिगनच्या उत्तरेकडच्या एका दुकानात ते माझ्या तळाला स्क्रूने पक्कं केलं, मग आम्हाला छोट्या भट्टीत घालून गरम केलं आणि तसंच एका मुलीच्या पायांत चढवलं. "हलू नकोस," दुकानदार म्हणाला, "गार होईपर्यंत तुझ्या पायाचा आकार घेऊ दे त्यांना."

ती मुलगी म्हणजे नेल डिक्स्ट्रा. कॉलेजच्या सिंक्रोनाइज्ड स्केटिंगच्या संघात तिची नुकतीच निवड झाली होती. शेजारी तिची आई कोट हातात घेऊन उभी होती.

"पाय वाढायचा थांबला ना गं आता?" आईने विचारलं.

"थांबला, आई. किती वेळा विचारशील?"

मी गार होत गेलो आणि त्या पायाच्या अंगठ्याशेजारचं हाड, टाचेची गोलाई, सगळं माझ्या आत कायमचं उमटलं. पहिले काही दिवस मी तिला फार छळलं. टाचेला फोड आले, मोज्यातून रक्त यायचं. तिने एकदाही मला शिवी दिली नाही.

नेल लहानपणापासून एकटीच स्केटिंग करत आली होती. एकटीचं स्केटिंग तिला बेताचंच जमायचं. उडी घेतली की पडायची, उठायची, पुन्हा पडायची. संघात मात्र ती फुलली. तिथे सोळा जणी एकमेकींचे हात किंवा खांदे धरून बर्फावर धावतात. कधी एकच लांब रांग, कधी गरगरणारं चाक, कधी समोरासमोरून येणाऱ्या दोन रांगा एकमेकींच्या फटींतून आरपार निघून जातात. एकीचा पाय चुकला की शेजारणीचा चुकतो. कोच ट्रॅस्क नावाच्या बाई शिकवायच्या. सगळ्यांचे केस सारखेच चापून बांधलेले, ओठांना एकच लाल रंग. "परीक्षकांना कोणाचंही नाक वेगळं दिसता कामा नये," त्या म्हणायच्या, "मला सोळा मुली नकोत. मला एक पाहिजे."

हॉकीची पोरं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, ताब्यात घेण्याआधी, उजाडायच्या आत आमचा सराव असायचा. रांगेत नेलच्या डाव्या हाताला कॅसिडी ओर्लोव्स्की होती. तिला सगळ्या कॅस म्हणत. नेलपेक्षा एक वर्ष पुढे, उंच, तोंडाची फटकळ. पहिल्याच सकाळी तिने नेलचा हात हातात घेऊन तोंड वाकडं केलं होतं.

"हा हात आहे की तळ्यातून काढलेला मासा? धर ना नीट. मी पडले तर तुला घेऊन पडणार आहे, लक्षात ठेव."

"तू पडतेस?"

"मी नाही पडत. पण तुझ्यासारखी शेजारीण असल्यावर काय सांगावं."

दोघींची जोडी जमली ती तिथून. सराव संपला की गाडीच्या बॉनेटवर बसून बेगलचे गोल पाव खायच्या, एकाच कपातली कॉफी प्यायच्या. मी पिशवीत असायचो, पण पिशवीची चेन नेहमी उघडी. नेल आम्हाला रोज पुसायची. पात्यावरचं पाणी टिपायची, स्क्रू तपासायची, चामड्यावर खरचटलं असेल तिथे पांढरा रंग लावायची. एकदा रांगा आरपार जाताना कोणाच्या तरी पात्याने माझ्या घोट्यावर लांब चीर पाडली. तीसुद्धा मी मिरवली.

मित्रांनो, ती वर्षं सुखाची होती. बसने दूरदूरच्या गावी जायचो. बर्फावर उतरलो की आईबाप घसा बसेपर्यंत ओरडायचे. दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत आमचा संघ तिसरा आला. पदक घातलेल्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि कॅस नेलला म्हणत होती, "पुढच्या वर्षी पहिल्या. माझं शेवटचं वर्ष आहे, फुकट जाऊ देणार नाही."

ते वर्ष आलं. जानेवारीतल्या एका सकाळी दोन रांगा आरपार जाताना एक मुलगी किंचित उशिरा वळली आणि तिचा खांदा कॅसला लागला. कॅस मागच्या मागे पडली. डोकं बर्फावर आपटलं. मी अगदी शेजारी होतो. बर्फावर पडण्याचे आवाज मला सगळे ओळखीचे आहेत, हा आवाज वेगळा होता.

कॅस उठून बसली, हसली. "कोणी व्हिडिओ काढला नाही ना?"

"बरी आहेस?" कोचने कठड्यापलीकडून विचारलं.

"बरी आहे."

"मग सुरुवातीपासून."

त्या दिवसापासून आमची रांग डावीकडे ओढली जाऊ लागली. वरून कोणाला दिसलं नसतं. पण रांगेत कोण भार टाकतंय, कोण चाचपडतंय, ते आम्हा बुटांना आधी कळतं. कॅसचा पाय ठेक्याच्या मागून येऊ लागला. नेलच्या हाताला ते जाणवत होतं, कारण ती माझ्या बाहेरच्या धारेवर जास्त जोर देऊन कॅसला सावरून घेत होती. कपडे बदलायच्या खोलीत कॅस गॉगल लावून बसायची. एकदा ती उलटी करून आली आणि नेल तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कॅस, लोवेलला दाखव." लोवेल हा संघाची दुखणीखुपणी बघणारा माणूस.

"दाखवलं तर तो बसवेल मला घरी."

"बसवू दे."

"नेल, फक्त फेब्रुवारीतली स्पर्धा होईपर्यंत. नंतर मी वर्षभर अंधारात झोपून राहते, तू येऊन सूप पाज. पण आत्ता तोंड बंद ठेव. ठेवशील ना?"

नेलने मान हलवली. हो की नाही, ते मला खालून कळलं नाही.

आमच्या कार्यक्रमात एक उचल होती. पहिल्या वर्षाची पेटन, संघातली सगळ्यात हलकी मुलगी, तिला तिघी जणी डोक्यावर उचलून बर्फावरून धावत न्यायच्या. त्या तिघींत एका बाजूला नेल, दुसऱ्या बाजूला कॅस. त्या आठवड्यात पेटन वर असताना कॅसचा हात मधेच सुटला. ती कुठे आहे हेच क्षणभर विसरली. पेटन डोकं खाली करून कलंडली. नेलने तिला कमरेतून पकडलं आणि दोघींचा सगळा भार माझ्यावर आला. माझा तळ करकरला. पेटनची वेणी बर्फाला घासून गेली.

सराव संपल्यावर नेल आम्हाला न काढताच कोचकडे गेली.

"कोच, कॅस ठीक नाहीये. पडल्यापासून नाहीये."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मी तिला विचारलंय. ती म्हणते ठीक आहे."

"तुम्ही तिच्या डोळ्यांकडे बघितलंय का? आज पेटन गेली असती."

कोच ट्रॅस्क कागद आवरत होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "हे बघ नेल, हे तिचं शेवटचं वर्ष आहे. ते तिच्याकडून काढून घ्यायचं असेल तर तू घे. माझ्या हातून ते होणार नाही."

नेल तिथून सरळ लोवेलच्या खोलीकडे गेली. रबरी चटईवरून टाकलेली तिची ती पावलं मी कधी विसरलो नाही.

लोवेलने त्याच दिवशी कॅसला बोलावलं. वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. डिसेंबर, नोव्हेंबर, आणि मग कॅस गप्प झाली. डॉक्टरांनी निदान केलं, मेंदूला मार बसलाय, वर्षभर बर्फावर पाऊल टाकायचं नाही. अजून एकदा पडली असती तर काय झालं असतं, तेही सांगितलं. ते ऐकायला कोणी उत्सुक नव्हतं.

कॅस कपडे बदलायच्या खोलीत आपली पेटी रिकामी करायला आली तेव्हा नेल माझी नाडी बांधत होती.

"कोणी सांगितलं?"

"मी."

"मला वाटलंच. दुसऱ्या कोणाची हिंमत नाही."

"तू पेटनला पाडणार होतीस."

"पाडलं का?"

"नाही."

"मग?" कॅसने गॉगल काढला. प्रकाशाने तिचे डोळे बारीक झाले होते. "एक सांग. तुला माझी काळजी होती, की तुला बरोबर ठरायचं होतं?"

नेल खाली बघत राहिली, म्हणजे माझ्याकडे. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं.

राष्ट्रीय स्पर्धेत कॅसच्या जागी राखीव मुलगी उतरली. बिचारी घाबरली आणि चाकातून निसटली. आमचा संघ सहावा आला. बसमध्ये कोणी नेलला एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षअखेरीस रिंकवरच पालकांसाठी कार्यक्रम झाला. कोच ट्रॅस्क बर्फाच्या मधोमध गालिचावर उभ्या राहिल्या, कॅसला शेजारी घेतलं आणि माइकवर म्हणाल्या, "आमच्याकडे खेळाडूची तब्येत आधी, पदक नंतर. कॅसिडीने संघासाठी स्वतःचं शेवटचं वर्ष सोडलं. आम्ही वेळीच लक्षात घेतलं, म्हणून ती आज इथे उभी आहे." सगळे आईबाप उठून उभे राहिले. कॅसला संघासाठी केलेल्या त्यागाचं पारितोषिक मिळालं. नेलनेही टाळ्या वाजवल्या. मी तिच्या पायांत होतो. तिची बोटं माझ्या आत वळली होती, घट्ट.

पुढचं वर्ष नेलचं शेवटचं. कॅस कॉलेज संपवून गेली होती, पण तिचा राग संघातच राहिला होता. मित्रांनो, एकमेकींचे हात धरल्याशिवाय हा खेळ होत नाही. मग त्या मुलींनी काय केलं, तर नेलचा हात धरायच्याऐवजी तिच्या बाहीची कड धरायला सुरुवात केली. चिमटीत, दोन बोटांनी. लांबून बघणाऱ्याला सगळं तसंच दिसायचं, तेच लाल ओठ, तेच हसू. पण चाक गरगरायला लागलं की रांगेच्या टोकाची मुलगी बाहेर फेकली जाते, तिला आत ओढून धरतो तो शेजारणीचा हात. नेलला कोणी धरत नव्हतं. माझ्या एवढ्याशा धारेवर ती एकटी तोल सांभाळायची.

एके दिवशी पेटनने आपलं सामान नेलच्या शेजारून उचललं.

"माझं तसं काही नाहीये, नेल," ती हळूच म्हणाली, "पण सगळ्या म्हणतात, तुझ्याजवळ बसलं की..."

"की काय?"

"काही नाही. राग मानू नकोस."

"नाही मानत. जा."

त्या मुलीची वेणी बर्फाला घासली होती ती मला आठवत होती. तिला बहुधा नसावी.

नोव्हेंबरमध्ये चाक फिरताना ती चिमटी सुटली. नेल कठड्यावर जाऊन आदळली, मनगट सुजलं. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. कोणी थांबलंही नाही. ती उठली, कठडा धरून बाहेर आली.

"कोच, मी सोडते."

कोच ट्रॅस्क संगीत बंद न करता म्हणाल्या, "ज्या मुली सोडून जाणार असतात त्या मला फार आधी ओळखू येतात."

नेलने आम्हाला पायांतून काढलं आणि तसंच ओलं पिशवीत टाकलं. तिने असं पहिल्यांदाच केलं. चेनही लावली. आम्ही तिच्या आईच्या गॅरेजमध्ये गेलो, बर्फ उपसायच्या फावड्यांशेजारी. पात्याला गंज चढला. चामड्याला बुरशी आली. वर्षं गेली, कितीतरी.

एका थँक्सगिव्हिंगच्या सणाला गॅरेजचा दिवा लागला. आईने पिशवी उघडून आम्हाला बाहेर काढलं. नेल दारात उभी होती. केस मोकळे, कानांशी थोडे पांढरे.

"हे काढून टाकू का गं? उगाच जागा अडते."

नेलने मला हातात घेतलं. गंजलेल्या धारेवरून अंगठा फिरवला.

"कॅसच्या आईची भेट झाली परवा दुकानात," आई म्हणाली. "कॅसला दुसरा मुलगा झाला. शाळेत गणित शिकवते. छान चाललंय म्हणे."

"डोकं दुखतं का अजून तिचं?"

"छे, अगदी ठणठणीत आहे."

"माझ्याबद्दल काही विचारलं कधी?"

आईने फावडी सरळ करून ठेवली. "नाही बाई."

"ठणठणीत आहे ना," नेल म्हणाली, "मग झालं." आणि तिने मला आईच्या हातात दिलं. "काढून टाक."

आईने जुन्या सामानाबरोबर आम्हाला विकायला काढलं आणि एका बाईने विकत घेतलं. तिने आमच्यावर पांढरा रंग फासला, गंजावर रुपेरी चकाकी मारली, आत प्लास्टिकच्या पाइनच्या फांद्या खोचल्या आणि नाताळसाठी लाल फितीने पुढच्या दारावर टांगलं. नेलच्या अंगठ्याशेजारचं हाड जिथे बसायचं तिथे आता खोटी लाल फळं आहेत. परवा शेजारची लहान मुलगी दारात उभी राहून विचारत होती, "हे खरे आहेत का? मी घालून बघू?"

"नाही गं राणी," बाई म्हणाली, "ते शोभेचे आहेत."

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू वापरून झाल्या की पुसून, वाळवून ठेवा, एवढं मागणं मी मागणारच, माझ्या जागी कोणीही मागेल. दुसरं मागणं वस्तूंचं नाही. तुमच्या शाळेत, तुमच्या संघात, तुमच्या रांगेतही कधीतरी कोणीतरी कोणालाच नको असलेली गोष्ट मोठ्याने बोलेल. तेव्हा तिचा हात धरा. अख्खा धरा. ते होणार नसेल तर सरळ सोडून द्या, ती आपल्या पायांवर उभी राहील. पण दोन बोटांनी तिची बाही धरून लोकांकडे बघून हसू नका. लांबून कोणाला दिसत नाही, हे खरं आहे. खाली बर्फावर मात्र सगळं कळतं.